मूल मारतं, चावतं, फेकतं: उपाय कोणत्या क्रमाने करायचे

मारकुट्या मुलाच्या घरात उपायांची कमतरता नसते. दम देऊन झालेला असतो, धपाटे घालून झालेले असतात. लालूच, अबोला, तासन्‌तास समजावणं, सगळं करून झालेलं असतं. चुकतो तो क्रम. शिक्षा पहिल्याच दिवशी सुरू होते आणि मूल नेमकं कशासाठी मारतं, हे सहा महिन्यांनंतरही घरात कुणाला धड सांगता येत नाही. मग शिक्षा वाढवायची, मूल तिला सरावलं की आणखी वाढवायची, असं चालू राहतं.

खालचे टप्पे साधारण ३ ते १० वर्षांच्या मुलांसाठी आहेत. त्यापुढच्या वयासाठी टप्पा ९ वेगळा दिला आहे. सगळं मिळून दोन ते तीन महिने धरा. मधला टप्पा गाळलात तर परत मागे यावं लागतं. दुसऱ्या खेपेला मूल जास्त चिवट विरोध करतं, कारण मोठी माणसं चार दिवसांत थकतात हे त्याने एकदा पाहिलेलं असतं.

## आधी वय बघा

रिचर्ड ट्रेंबले या कॅनडातल्या संशोधकाने लहानग्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. मारणं, ढकलणं, चावणं सगळ्यात जास्त दिसतं ते २ ते ४ या वयात. पुढे भाषा येते, स्वतःवर ताबा येतो आणि बहुतेक मुलांमध्ये ते ओसरतं. म्हणून ‘हे कुठून शिकला?’ या प्रश्नावर वेळ घालवू नका. मारल्याशिवाय हवं ते मिळवण्याची कोणती रीत याला अजून जमत नाही, हे शोधायचं आहे.

अडीच वर्षांचं मूल खेळणं हिसकावलं म्हणून चावलं, तर लगेच शांतपणे थांबवायचं आणि पुढे जायचं. तेच ६ वर्षांचं मूल आठवड्यातून अनेकदा, घरी आणि शाळेतही हात उचलत असेल, तर ‘मोठं झालं की सुधारेल’ म्हणत थांबू नका. टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये दोन वाटा वेगळ्या करून दाखवल्या. काही मुलांचं वागणं किशोरवयात बिघडतं आणि पुढे बऱ्याच अंशी निवळतं. काहींचं लहानपणीच सुरू होतं आणि मोठेपणीही टिकून राहतं. दुसऱ्या वाटेवरच्या मुलांना लवकर हात देण्याची गरज असते. त्यामुळे पहिली गंभीर तक्रार कितव्या वर्षी आली, ते आठवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तज्ज्ञाकडे जायची वेळ आली तर हे पान लागेल.

## टप्पा १: तयारी (३ ते ४ दिवस)

शरीर तपासा. झोप किती होते ते घड्याळ लावून मोजा. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास लागतात, ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास. मूल रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर डॉक्टरांना सांगा. अशा मुलांची झोप मोडत राहते आणि दिवसा ती चिडचिडी होतात. कान तपासून घ्या. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेल्या मुलाला हाक नीट ऐकू येत नाही, आणि घरात त्याला ‘मुद्दाम ऐकत नाही’ असं म्हटलं जातं. बोलणं वयाच्या मानाने मागे असेल, तर तेही आताच दाखवा. ज्याला शब्द सापडत नाहीत त्याचा हात आधी चालतो.

अचानक बदल झाला असेल तर इथेच थांबा. शांत असलेलं मूल काही आठवड्यांत मारकुटं झालं, तर त्याला कुणी मारतंय का, छळतंय का, नको तिथे हात लावतंय का, हे आधी पाहायचं. एका विश्वासाच्या माणसाने एकट्यात, घाई न करता विचारावं आणि मूल जे सांगेल ते मध्ये न तोडता ऐकून घ्यावं. असं काही निघालं, तर आधी मुलाला त्या माणसापासून सुरक्षित करा आणि लगेच मदत मिळवा. पुढचे टप्पे तोवर थांबू शकतात.

मोठ्यांनी एकत्र बसा. आई, बाबा, आजी, आजोबा, सांभाळणारी ताई, जे जे मुलाला बघतात ते सगळे. घराचे नियम तीनच ठेवा आणि कागदावर लिहा. चार माणसं ‘नाही’ म्हणतात आणि पाचवं गुपचूप देतं, अशा घरात हट्ट सगळ्यात चिवट होतो. कधी मिळतं, कधी मिळत नाही, तेव्हा मूल जास्त वेळ लावून धरतं.

मार आजपासून बंद. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या संशोधकांनी २०१६ मध्ये दीड लाखाहून अधिक मुलांवरचे अभ्यास एकत्र तपासले. चापटी खाणाऱ्या मुलांमध्ये आक्रमकपणा आणि समाजविघातक वागणं जास्त आढळलं. कामापुरतं कारण सरळ आहे: तुमची चापट मुलाला त्याच क्षणी थांबवते म्हणून ती चालली असं वाटतं, आणि ज्याच्या अंगात जोर तो जिंकतो, हे मूल त्याच वेळी पाहत असतं.

सुऱ्या, कात्र्या, काडेपेटी, औषधं, जड काचेच्या वस्तू हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. धाकट्या भावंडाला पटकन उचलून कुठे न्यायचं, ते ठरवून ठेवा.

एकच वागणं निवडा. ‘चिडखोरपणा’, ‘उद्धटपणा’ असले शब्द मोजता येत नाहीत. ‘हाताने, पायाने किंवा वस्तूने दुसऱ्याला मारणं’ हे मोजता येतं. बाकीची भांडणं सध्या बाजूला ठेवा.

> तपासा: एकाच संध्याकाळी घरातल्या दोघांनी एकमेकांना न सांगता मोजा. एकाचे ३ आणि दुसऱ्याचे ९ निघाले तर व्याख्या धूसर आहे. ती पुन्हा लिहा.

## टप्पा २: नोंद (१० ते १४ दिवस)

या दिवसांत नवा नियम, नवी शिक्षा, नवं बक्षीस काहीही आणू नका. मार बंदच, बाकी नेहमी जसं वागता तसंच वागा आणि लिहा. हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो, आणि हाच गाळल्यामुळे पुढचं फसतं.

वहीत चार रकाने आखा: वेळ, त्याआधी काय घडलं, मुलाने काय केलं आणि किती वेळ, त्यानंतर लगेच काय झालं. भरलेली ओळ अशी दिसायला हवी:

*संध्याकाळी ६.४० | ताई गणित करायला बस म्हणाली, वही उघडली | पेन्सिल फेकली, ताईच्या दंडावर दोन बुक्क्या, ४ मिनिटं रडणं | ताई उठून गेली, वही टेबलावर तशीच, गणित झालं नाही*

ओळीत मुलाच्या मनातलं काहीही लिहिलेलं नाही. ‘जळफळाट झाला’, ‘मुद्दाम केलं’, ‘लक्ष वेधायला’ हे शब्द या वहीत चालत नाहीत. कॅमेऱ्याला जे दिसलं असतं तेवढंच लिहायचं.

आणखी तीन चुका नेहमी होतात. पहिली, रात्री झोपताना आठवून लिहिणं. दिवसभरात सगळ्यात त्रास झाला तेच आठवतं, लहानसहान प्रसंग गळतात. घटनेनंतर दहा मिनिटांत लिहा, चार शब्द का होईनात. दुसरी, मुलासमोर लिहिणं. वही धमकी होऊन बसते. तिसरी, चौथा रकाना रिकामा सोडणं. ‘काही नाही झालं’ असं कधी नसतं. कुणी ओरडलं, कुणी उचललं, कुणी निघून गेलं, कुणी हसलं, ते लिहा. पुढचं सगळं काम या चौथ्या रकान्यावर चालतं.

## टप्पा ३: वही वाचा

चौथा रकाना वरून खाली एकसलग वाचा. मारल्यावर मुलाला बहुतेक वेळा काय मिळालं? बरेचसे प्रसंग चार गठ्ठ्यांत पडतात:

- हवी ती वस्तू किंवा गोष्ट मिळाली.
- नको असलेलं काम टळलं. वरच्या ओळीतलं गणित असंच टळलं.
- कुणीतरी हातातलं सोडून त्याच्याकडे आलं, रागावायला का होईना.
- गोंगाट, गर्दी, भूक, दमणूक यांतून सुटका झाली, किंवा अंगातला ताण मोकळा झाला.

ज्या गठ्ठ्यात सगळ्यात जास्त ओळी, तिथून सुरुवात करायची. एकाच मुलाचं सकाळी एक कारण आणि रात्री दुसरं असू शकतं. मग जास्त ओळींचं आधी घ्या.

आता एक प्रसंग जवळून बघा. संध्याकाळचे सात. ‘टॅब ठेव,’ आई म्हणते. उत्तर नाही. दोन मिनिटांनी पुन्हा, जरा वरच्या पट्टीत. ‘पाच मिनिटं!’ आई आत जाते, दहा मिनिटांनी येऊन टॅब ओढून घेते. मुलगा किंचाळतो, तिच्या हातावर बुक्की मारतो, चार्जर भिंतीवर भिरकावतो. आतल्या खोलीत बाळ नुकतंच झोपलंय. ‘घे बाबा घे, पण ओरडू नकोस,’ म्हणत आई टॅब परत देते. तीन सेकंदांत घर शांत.

मागून मिळालं नाही, किंचाळून मिळालं नाही, बुक्कीवर मिळालं, हे मुलगा शिकला. दिलं की शांतता मिळते, हे आई शिकली. बक्षीस दोघांनाही मिळालं, म्हणून पुढच्या वेळी दोघंही याच जागी लवकर पोचतात. हेच चक्र उलटंही फिरतं: बाबांनी हात उगारल्यावर मुलाने टॅब दिला, की हात उगारणं चालतं हे बाबा शिकतात. जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी आक्रमक मुलांच्या घरांतली अशी देवाणघेवाण अक्षरशः सेकंदासेकंदाने नोंदवली आणि जबरदस्तीचं हे चक्र उलगडून दाखवलं. यात आईला किंवा मुलाला दोष देऊन काही हाती लागत नाही. दमलेल्या घरात हे आपोआप बसतं. सोडवायला मात्र मोठ्या माणसालाच पुढे यावं लागतं.

यातून निघणारा नियम आजच लावा: द्यायचं असेल तर पहिल्या मागणीला द्या. एकदा नाही म्हटलं, तर बुक्कीनंतर देऊ नका. आणखी दहा मिनिटं देण्यासारखी असतील तर ती मागताक्षणी, हसून द्या.

आणखी एक फरक वहीत शोधा. काही मुलं भडकून मारतात: चेहरा लाल, नंतर रडणं, बऱ्याचदा पश्चात्ताप. काही ठरवून मारतात: मोठं माणूस खोलीबाहेर गेल्यावर, शांतपणे, वस्तू मिळवायला किंवा धाक बसवायला. भडकणाऱ्या मुलाचा समोरच्याच्या हेतूबद्दल अनेकदा गैरसमज होतो. धक्का चुकून लागला तरी ‘मुद्दाम मारलं’ हेच मनात येतं. केनेथ डॉज या मानसशास्त्रज्ञांनी ही सवय बारकाईने अभ्यासली आहे. अशा मुलासाठी टप्पा ६ वर जास्त वेळ द्या. ठरवून मारणाऱ्यासाठी देखरेख आणि टप्पा ८.

> तपासा: ‘आमचं मूल बहुतेक वेळा ___ झाल्यावर मारतं आणि मग त्याला ___ मिळतं.’ घरातल्या दोघांनी गाळलेल्या जागा वेगवेगळ्या भरा. उत्तर जुळत नसेल तर आणखी पाच दिवस नोंद.

## टप्पा ४: रोजची दहा मिनिटं आणि नेमकी शाबासकी (२ आठवडे)

नव्या शिक्षेला अजून वेळ आहे. ज्या घरात मुलाला दिवसभरात रागावणंच ऐकू येतं, तिथे आणखी एका रागावण्याने काही बदलत नाही. आधी तुमच्यासोबतचा वेळ हवाहवासा व्हायला हवा, तरच पुढे तो क्षणभर थांबवण्याला वजन येतं.

रोज १० मिनिटं, एक मोठं माणूस, एक मूल, फोन दुसऱ्या खोलीत. काय खेळायचं ते मूल ठरवेल. या दहा मिनिटांत सूचना, प्रश्न आणि सुधारणा तिन्ही बंद. ‘तो लाल ठोकळा तिथे बसत नाही’ ही सुधारणा झाली. ‘तू लाल ठोकळा वर ठेवलास’ हे चालेल. जे दिसतं ते बोला. स्पर्धेचे, मारामारीचे आणि स्क्रीनवरचे खेळ टाळा. मध्येच मारलं तर ‘आजचा खेळ थांबला’ म्हणून उठा आणि उद्या ठरल्या वेळी पुन्हा बसा. मूल दिवसभर कसंही वागलेलं असो, ही दहा मिनिटं शिक्षा म्हणून काढून घ्यायची नाहीत.

शाबासकी नेमकी आणि तत्काळ हवी. ‘शहाणा मुलगा’ यातून त्याला काही कळत नाही. ‘दादाने ढकललं तरी तू हात खाली ठेवलास’ यातून कळतं. मागे शेपूट जोडू नका: ‘छान, रोज असंच वागलास तर किती बरं होईल’ हा टोमणाच असतो. एकदा टोकलं, तर निदान चार शाबासक्या हव्यात. सकाळी उजव्या खिशात दहा बिया किंवा नाणी ठेवा, प्रत्येक शाबासकीला एक डाव्या खिशात टाका. दुपारपर्यंत डावा खिसा रिकामाच राहिला, तर आपण काय बघत नाही हे लगेच ध्यानात येतं.

## टप्पा ५: सूचना देण्याची पद्धत

या टप्प्याला फार दिवस लागत नाहीत, पण तो टाळता येत नाही. मुलाजवळ जा, नाव घ्या, नजर मिळू द्या. एका वेळी एकच काम सांगा, आणि ते प्रश्नाच्या रूपात सांगू नका. ‘चपला जागेवर ठेव’ म्हणा. ‘ठेवतोस का रे?’ म्हटलं की ‘नाही’ हे उत्तर रास्त ठरतं. सांगून झालं की मनात पाच अंक मोजा, तोपर्यंत गप्प. बहुतेक घरांत सूचना दोन सेकंदांत पुन्हा दिली जाते आणि मूल पाचव्या खेपेची वाट बघायला शिकतं. ऐकलं तर तिथेच शाबासकी. नाही ऐकलं तर एकदाच बजावा, पुढे टप्पा ८.

शेवटाला न्यायची तयारी नसेल ती सूचना देऊच नका. दिवसाला चाळीस सूचना देणाऱ्या घरात त्या पंधरावर आणल्या, तर तेवढ्यानेच भांडणं कमी होतात. खेळ, स्क्रीन किंवा आवडीचं काही संपवायचं असेल, तर पाच मिनिटं आधी आणि एक मिनिट आधी कल्पना द्या.

## टप्पा ६: मारण्याऐवजी काय, ते शिकवा

‘मारू नको’ एवढ्याने मुलाच्या हाताला दुसरं काम मिळत नाही. टप्पा ३ मध्ये जे कारण सापडलं, तेच काम करणारी पर्यायी रीत शिकवायची:

- काम टाळण्यासाठी मारत असेल: ‘दोन मिनिटं थांबू?’ म्हणायला किंवा त्यासाठीचं कार्ड दाखवायला.
- वस्तूसाठी: ‘माझी पाळी कधी?’
- लक्ष हवं म्हणून: खांद्यावर दोनदा हात ठेवायला.
- गोंगाट, दमणूक: ठरलेल्या शांत कोपऱ्यात जायला.

सराव मूल शांत असताना, रोज पाच मिनिटं, नाटक करून घ्या. तुम्ही खेळणं हिसकावणारे व्हा, त्याला ते वाक्य म्हणू दे. मग अदलाबदल. मूल रागावलेलं असताना शिकवायला जाणं म्हणजे वादळात छत्री उघडायला लावणं.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. मूल पहिल्यांदा नीट विचारतं, ‘दोन मिनिटं थांबू?’, आणि मोठं माणूस म्हणतं, ‘आधी पूर्ण कर, मग बघू.’ नवी रीत पहिल्याच वापरात फसली. जुनी कधीच फसत नव्हती. सुरुवातीचे दोन आठवडे नीट विचारलं की दर वेळी आणि लगेच द्या, अगदी दोन मिनिटांत चार वेळा मागितलं तरी. रीत पक्की झाली की हळूहळू ‘हे एक गणित झालं की’, मग ‘दोन झाली की’ असं लांबवा.

हेतूबद्दल गैरसमज करून घेणाऱ्या मुलासोबत दुसऱ्यांचे प्रसंग घ्या. ‘त्याचा पाय तिच्या चित्रावर पडला. का पडला असेल?’ तीन कारणं काढायची, त्यातलं एक तरी ‘चुकून’ असायला हवं. त्याच्या स्वतःच्या भांडणावर हा सराव निदान पंधरा दिवस करू नका. तिथे तो बचावाला उभा राहतो.

> तपासा: आठवड्यातून दोन-तीनदा तरी मुलाने न सांगता नवी रीत वापरली का? वापरली असेल तरच टप्पा ८ मधल्या शिक्षेकडे जा.

## टप्पा ७: भडका उडालेला असताना

आता शिकवणं बंद. भडकलेल्या मुलाला कारणमीमांसा ऐकू जात नाही, आणि ‘काय केलंस तू? का केलंस?’ हे प्रश्न आगीत तेल ओततात.

1. बाकीच्या मुलांना तिथून हलवा. मारणाऱ्याला ओढण्यापेक्षा हे सोपं आणि सुरक्षित असतं.
2. एका हाताच्या अंतरावर, जरा तिरके उभे राहा. समोर छाती काढून उभं राहिलं की झुंज वाटते.
3. आवाज खाली, वाक्य तीन-चार शब्दांचं: ‘मी इथेच आहे.’ ‘मारू देणार नाही.’
4. ज्या गोष्टीवरून भडका उडाला ती यावेळी द्यायची नाही. टाळलेलं काम मागेही घ्यायचं नाही. शांत झाल्यावर निदान त्याचा छोटा तुकडा पूर्ण करून घ्यायचा.
5. अंगाला हात फक्त इजा टाळण्यापुरता, तोही कमीत कमी वेळ. पालथं पाडून दाबून धरणं, छातीवर किंवा मानेवर भार देणं जिवावर बेतू शकतं. ते कधीही करू नका.

रडणं थांबलं म्हणजे मूल शांत झालं असं नाही. श्वास संथ व्हायला, मुठी सुटायला, साध्या प्रश्नाला साधं उत्तर यायला अर्धा तास लागू शकतो. त्याआधी ‘आता सॉरी म्हण’ सुरू केलं की दुसरा भडका उडतो, आणि तो बऱ्याचदा पहिल्यापेक्षा मोठा असतो.

## टप्पा ८: परिणाम

कुरकूर, तोंड वेंगाडणं, पाय आपटणं: पूर्ण दुर्लक्ष. नजरही नाही, उसासाही नाही. थांबलं की लगेच लक्ष. दुर्लक्ष सुरू केल्यावर पहिले काही दिवस हे वागणं *वाढतं*. आजवर चालत आलेलं नाणं चालेनासं झालं की मूल ते जास्त जोरात आपटून बघतं. या दिवसांत एखाद्याने माघार घेतली, तर त्या वाढलेल्या जोरालाच बक्षीस मिळतं. म्हणून पाहुणे, परीक्षा, प्रवास असलेल्या आठवड्यात सुरुवात करू नका. मारण्याकडे मात्र दुर्लक्ष करायचं नाही.

मारणं, ३ ते ८ वर्षं: टाइम-आऊट, म्हणजे थोडा वेळ सगळ्यांपासून बाजूला बसवणं. वयाच्या दर वर्षाला एक मिनिट, पण ५ मिनिटांपेक्षा जास्त नाही. जागा कंटाळवाणी हवी, भीतीची नको. तुमच्या नजरेत असलेली खुर्ची पुरते. अंधारी खोली, न्हाणीघर, कडी लावलेलं दार चालत नाही. शब्द एवढेच: ‘मारलंस. खुर्चीवर बस.’ मारण्यासाठी आधी इशारा नाही. तिथे असताना बोलणं नाही. शेवटची पाच-दहा सेकंदं शांत गेली की उठायला तुम्ही सांगा. मग काम टाळायला मारलं असेल, तर तेच काम पुन्हा समोर. हे विसरलं की टाइम-आऊट हेच कामातून सुटायचं दार होतं. पहिल्या खऱ्या वापराआधी शांतपणे दोनदा रंगीत तालीम घ्या. खुर्चीवरून सारखं उठत असेल तर झटापट करू नका. त्या दिवसाची एखादी छोटी सवलत कमी करा.

त्यापुढचं वय: एक सवलत, त्याच दिवसापुरती. महिनाभर फोन बंद केलात तर दुसऱ्या दिवसापासून मुलाकडे गमावण्यासारखं काही उरत नाही आणि तुमच्या हातातही काही राहत नाही. जेवण, झोप, मैदानावरचं खेळणं आणि रोजची दहा मिनिटं कधीही काढून घेऊ नका.

भरपाई: तोडलं ते चिकटवायला मदत, सांडलं ते पुसणं, लागलं त्याला थंड पट्टी आणून देणं. जबरदस्तीच्या माफीपेक्षा मुलाला यातून जास्त कळतं. भरपाई झाली की विषय संपला. रात्री बाबांसमोर पुन्हा पाढा वाचायचा नाही.

> तपासा: दर रविवारी आठवड्याचा आकडा मांडा. पहिल्या आठवड्यात चढ अपेक्षित आहे. चौथ्या आठवड्याअखेर आकडा मूळ नोंदीच्या स्पष्टपणे खाली नसेल तर शिक्षा वाढवू नका. मध्येच देऊन कोण मोकळं होतंय, नवी रीत मागितल्याबरोबर फळते का, कारण चुकीचं वाचलंय का, हे तिन्ही बघा.

काही मुलांना दुसऱ्याच्या रडण्याने फारसं काही वाटत नाही, चूक झाल्याची खंत दिसत नाही, शिक्षेचीही पर्वा नसते. अशा मुलांवर शिक्षेचा परिणाम फार कमी होतो. त्यांच्याशी ऊब आणि चांगल्या वागण्याचं तत्काळ बक्षीस यांच्या आधाराने काम करावं लागतं, तेही शक्यतो तज्ज्ञाच्या सोबतीने. ‘दगड आहे’ म्हणून त्याच्यापासून मनाने दूर होणं हीच त्याच्या बाबतीत सगळ्यात मोठी हानी.

## शाळेशी जोडणी

वर्गशिक्षकांकडे तक्रार ऐकायला जाऊ नका, वही घेऊन जा. दिवसाचे तीन-चार भाग पाडलेलं एक छोटं कार्ड सुचवा, त्यावर एक किंवा दोनच उद्दिष्टं: ‘हात स्वतःजवळ ठेवले’. शिक्षक खूण करतील, घरी त्याच संध्याकाळी छोटी सवलत मिळेल. सुरुवातीला अर्ध्या खुणांवर बक्षीस ठेवा, म्हणजे पहिल्याच दिवशी मिळेल. शाळेत शिक्षा झालेल्या गोष्टीची घरी दुसरी शिक्षा नको. आणि मुलींच्या बाबतीत एवढं विचारा: वाळीत टाकणं, अफवा पसरवणं, ‘तिच्याशी बोललीस तर आपली कट्टी’ असं काही चालतं का? हाही आक्रमकपणाच आहे. मुलांमध्येही दिसतो, आणि त्याचा वळ उठत नाही म्हणून नोंदला जात नाही.

## टप्पा ९: दहा वर्षांपुढे, चोरी, खोटं, दहशत

खुर्ची आणि खुणा इथे चालत नाहीत. इथे देखरेख लागते: कुठे जातो, कुणाबरोबर, तिथे मोठं कोण आहे, किती वाजता परत. हे प्रश्न चौकशीच्या सुरात विचारले की खोटं वाढतं. रोज एका ठरल्या वेळी, चालता-चालता विचारले तर बरंच कळतं. शाळा सुटल्यापासून मोठं माणूस घरी येईपर्यंतचा वेळ आधी भरा.

चोरी तुम्हाला पक्की माहीत असेल तर ‘तू घेतलेस का?’ विचारून खोट्याचा सापळा लावू नका. ‘पाकिटातले पैसे तू घेतलेस. ते कसे परत करायचे ते ठरवू,’ इथून सुरू करा. भरपाई कामाने किंवा हप्त्याने, त्याच आठवड्यात सुरू.

दोन उपाय कितीही सुचवले तरी करू नका. बिघडलेल्या मुलांना एकत्र करून गटात सुधारायला बसवणं हा पहिला. ती एकमेकांच्या उचापतींवर हसतात आणि त्या हसण्यातूनच बळ मिळतं. टॉमस डिशन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अशा गटांमुळे वागणं आणखी बिघडू शकतं हे दाखवलं. दुसरा, धडा मिळावा म्हणून तुरुंग दाखवणं, कैद्यांकडून दम देववणं. अशा कार्यक्रमांच्या चाचण्या एकत्र तपासल्यावर, तिथे गेलेल्या मुलांनी न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केल्याचं दिसलं.

## टप्पा १०: तज्ज्ञाकडे केव्हा आणि काय घेऊन

थांबू नका असे प्रसंग: प्राण्यांचा छळ, आग लावणं, हत्यार वापरणं, कुणाला वैद्यकीय उपचार लागतील इतकं मारणं, लैंगिक जबरदस्ती, घरातून पळणं, स्वतःला इजा करणं किंवा मरण्याची भाषा. यांत टप्पे पूर्ण व्हायची वाट बघायची नाही. हत्यार हातात असेल किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल, तर तातडीची मदत त्याच क्षणी मागवा. याखेरीज, टप्पा ८ नीट पाळूनही सहा ते आठ आठवड्यांत फरक नसेल तरीही जा.

‘आचरणविकार’ (दुसऱ्यांना इजा करणारं, नियम मोडणारं वागणं सतत टिकून राहणं) हे निदान एका भांडणावर होत नाही. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीनुसार १५ निकषांपैकी किमान ३ गेल्या १२ महिन्यांत आणि त्यातला किमान १ गेल्या ६ महिन्यांत दिसायला हवा. त्यामुळे तारखा असलेली वही सोन्याच्या मोलाची ठरते. सोबत झोपेची नोंद, कानाचा अहवाल, शाळेचं कार्ड, पहिल्या पानावरचं पहिल्या तक्रारीचं वय आणि घरातल्या कुणाला कोणता मानसिक त्रास होता, हे न्या. एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा), बोलण्यातली अडचण, चिंता, नैराश्य, वाचनातली अडचण यांची तपासणी व्हायलाच हवी. एडीएचडीवर नीट उपचार झाले की मारणंही अनेकदा कमी होतं.

पहिल्या भेटीत एक प्रश्न विचारा: ‘आमच्यासोबत कसं काम कराल?’ ३ ते १० या वयोगटात संशोधनाचा सगळ्यात भक्कम आधार आहे तो पालकांना प्रत्यक्ष सराव देणाऱ्या उपचारांना. मुलाला आठवड्यातून एकदा एकट्याला आत नेऊन बोलायचं आणि पालकांनी बाहेर बाकावर बसायचं, एवढंच सांगितलं जात असेल तर दुसरं नाव शोधा. नुसत्या रागावर म्हणून औषध सुरू होत असेल, तर ते कोणत्या निदानासाठी, किती दिवस, कोणत्या तपासण्यांसह आणि थांबवायचं कधी, ही चार उत्तरं लिहून घ्या. औषध चालू असताना वहीतली आठवड्याची मोजणी बंद करू नका. ते लागू पडतंय की नाही, हे त्या आकड्यांवरूनच कळेल.